वर्षातले अकरा दिवस

“तांब्याच्या वाटीला बुडाशी बारीक छिद्र पाडून ती पाण्यावर सोडत. वाटी भरून बुडाली, की एक घटका झाली असे मानत.”

सुगंधा ओळीखाली बोट धरून वाचत होती. मोठ्याने वाचायची सवय तिला फक्त श्रावणातल्या पोथीची, त्यामुळे प्रत्येक वाक्याला तोच हेल लागत होता. शिवदास काळा चष्मा लावून पलंगावर पडला होता. दुपारचे चार वाजले होते, खिडकीला जाड चादर लावलेली होती.

“मागचं परत वाच जरा,” तो म्हणाला.

तिने वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

पाच आठवड्यांपूर्वी, पहाटेच्या पाळीला निघाला असताना, मुलुंडच्या नाक्यावर उलट्या बाजूने आलेल्या स्कूटरने त्याला उडवलं होतं. खांद्याचं हाड सांधत आलं होतं. डोक्याला आतून मार बसला होता, तो कुणाला दिसत नव्हता. शिवदास महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. कुठल्या गल्लीचं पाणी कधी सोडायचं, कधी बंद करायचं, हे तीस वर्षं त्याच्या डोक्यात होतं. एक चावी फिरवली की दुसरीपर्यंत जो वेळ मिळायचा, तेवढ्यात कुणाच्या तरी ओट्यावर बसून त्याने जाडजूड पुस्तकं संपवली होती. गोष्टीची नाहीत. इतिहास, तत्त्वज्ञान, ग्रहतारे. खात्यात त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत, अर्धं चेष्टेने.

अपघातानंतर पहिल्यांदा पुस्तक उघडलं, तेव्हा ओळी एकमेकींवर चढल्या आणि त्याला उलटी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिने वाचायचं नाही. घरात कुणी वाचून दाखवलं तर अर्धा तास ऐका. अर्थ लागतो का, तेवढं बघा.

हे शेवटचं वाक्य त्याच्या मनातून जात नव्हतं. माणसं काळ मोजायला कशी शिकली, यावरचं हे पुस्तक त्याने अपघाताच्या आदल्याच आठवड्यात आणलं होतं. सुगंधा वाचून दाखवायला लागली, तेव्हा पहिले तीन दिवस अर्थ लागला होता.

“सुगंधा, बंद कर.”

“दुखतंय का?”

“नाही. कळत नाहीय मला.” त्याने चादरीचा काठ मुठीत धरला होता. “कपाटातली सगळी देऊन टाक. शेजारच्या देवेशला सांग, वाचनालयात पोचवेल.”

“काहीतरीच काय! आज नाही कळलं तर उद्या कळेल.”

“असं सुटं-सुटं कळतंय गं. वाटी कळली, पाणी कळलं. पण धागाच सापडत नाही. याआधी लेखक काय म्हणत होता, ते मला नीट आठवतंय असं वाटतंय. तेही बहुतेक मीच रचलं असणार.”

काळ्या चष्म्याखालून एक थेंब कानाकडे ओघळला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. सुगंधाने हे कधी पाहिलं नव्हतं.

“काय आठवतंय? सांगा तरी,” ती हळूच म्हणाली.

“चंद्राचे बारा महिने धरले, तर वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं होतं. सूर्याचं तीनशे पासष्टचं. दर वर्षी अकरा दिवस कमी पडतात. असंच चालू दिलं, तर सण मागे-मागे सरकत जाणार. दिवाळी भर पावसात येणार. मग तो म्हणतो, हे अकरा दिवस लोकांनी कसे भरून काढले ते आता बघू. आणि बघायला गेलं तर एकदम वाटी! मधे काहीतरी असणार. मलाच दिसत नाहीय.”

सुगंधाने पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. थोडा वेळ ती त्याच्या प्लास्टर काढलेल्या, बारीक झालेल्या हाताकडे बघत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “मी पानं सोडली.”

त्याने चष्मा काढला.

“सगळे आकडेच होते हो तिथे. एवढ्याला एवढ्याने भागलं, उरले एवढे. मला धड वाचता येईनात. सातवीची शाळा माझी. तुमच्यासमोर अडखळायची लाज वाटली, म्हणून पुढे जिथे सोपं दिसलं तिथून धरलं.”

“किती सोडलीस?”

“नऊ. दहा असतील.”

“दहा पानं!” तो ताडकन उठून बसला. खांद्यातून कळ गेली, तरी बसला. “म्हणजे पानं गाळली होतीस तू. माझं डोकं जाग्यावर आहे!”

“रागावलात?”

तो हसत होता. डोळे पुसत होता आणि हसत होता. “मुकाट्याने मागे जा,” तो म्हणाला. “आणि अडखळ हवं तेवढं.”

सुगंधाने बोटाला थुंकी लावून पानं मागे उलटली. आकडे आले तशी ती अडखळली. चारशे म्हणाली ते चाळीस निघाले, तिने परत वाचलं. तो आडवा झाला. तिला एकदाही न टोकता डोळे मिटून ऐकत राहिला. अकरा दिवस साठत साठत तिसऱ्या वर्षी महिनाभराचे होतात, इथवर ती पोचली, आणि तिचा हेल तुटला.

“अय्या! म्हणजे हा आपला अधिक महिना?”

“हो.”

“आई तेहतीस अनारसे करायची या महिन्यात. म्हणायची, देवाने जास्तीचा दिलाय. हा माणसांनी घातला?”

“वाच की पुढे.”

पान उलटल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच आवाज आला नाही. शिवदासने एक डोळा उघडून पाहिलं. सुगंधा पुस्तकावर वाकली होती. बोट ओळीखालून सावकाश सरकत होतं, ओठ नुसतेच हलत होते.

“अगं, वाच ना.”

“गप बसा जरा,” मान वर न करता ती म्हणाली. “मला कळू दे आधी.”