मागेल त्याला रोप

संपदा केळीचं पान मागायला आली होती. गौरीजेवणाचा दिवस, आणि चंदीगडच्या सेक्टर सतराचा बाजार पालथा घालूनही पान मिळालं नव्हतं. तिचा नवरा एअर फोर्समध्ये. ती खालच्याच मजल्यावर राहायची.

"एकच द्या, भाऊजी. नैवेद्यापुरतं."

रघुनाथनं विळा घेतला. झिरकपूरच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत, निळ्या ड्रममध्ये त्याच्या बायकोची, कांचनची केळ होती. कांचनला जाऊन दोन महिने झाले होते.

त्यानं पान धरलं आणि सवयीनं उलटं केलं. खाली पांढऱ्या रेषा, गोल गोल ओढल्यासारख्या. बोटाला पीठ लागलं. बारीक माश्या उडाल्या.

देशभरातल्या पिकांवरच्या किडींवर नजर ठेवणाऱ्या खात्यात तो अधिकारी होता. ही माशी परदेशातून आलेली. खाली कोकणात नारळावर, केळीवर होती. इकडे उत्तरेत अजून नाही, असं त्यानं याच आठवड्यात बैठकीत सांगितलं होतं.

"असलं आमच्याही केळीवर आलंय," संपदा म्हणाली. "मी ओल्या फडक्यानं पुसते. ह्याच केळीचं पिल्लू ना ते. ताईंनी वेंगुर्ल्याहून साडीत गुंडाळून आणलेली. हसायच्या, म्हणायच्या, यांचं खातं अख्ख्या देशाची पानं उलटून बघतं, माझी पिशवी तेवढी बघत नाही."

रघुनाथ हसला नाही. "अजून कुणाकुणाला दिली?"

"मागेल त्याला. मोहालीत प्रतिमाला. पंचकुल्यात जोश्यांकडे. यामिनीची बदली झाली, ती जोधपूरला घेऊन गेली. श्यामसुंदर भाऊजींनी तर आसामात जोरहाटला नेली..." ती थांबली. "का हो?"

"पान देता येणार नाही. तुमची केळही काढावी लागेल. दुपारी माणूस येईल."

"ताईंची आहे, भाऊजी."

"हो."

ती रिकाम्या हातानं खाली गेली. त्यानं ऑफिसातल्या विक्रमला फोन लावला. नावं सांगितली, गावं सांगितली. आवाज बैठकीत असतो तसाच.

"सर, इतनी जगह? ये फैला कहाँ से?"

"मेरे घर से."

"सर, आपके यहाँ का हम आके उठा लेंगे. आप रहने दीजिए."

"नहीं. मैं कर लूँगा."

त्यानं केळ बुंध्यातून कापली. पानं दुमडून काळ्या पिशवीत भरली, तोंड घट्ट बांधलं. फरशीभर पाणी झालं होतं, ते पुसलं. विळा धुऊन जागेवर ठेवला. मग चहा केला आणि ओट्यापाशीच उभ्यानं प्यायला.

पिशवी न्यायला तो बाल्कनीत परत आला. कापलेल्या बुंध्याच्या मधोमध कोवळा, पांढरा गाभा बोटभर वर आला होता.

तो विळा आणायला आत गेला.