बाबांची जागा

अर्ध्या चढावर एका झाडाखाली सपाट कातळ होता. तिथं पोचल्याबरोबर मोजणीदारानं पाठीवरची पिशवी सारखी केली आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही इथं बसा. आम्ही वर जाऊन तासाभरात येतो. उतरताना तुम्हाला घेऊन जातो."

"का बरं?" ती म्हणाली. "मी काही दमले नाही."

हे खोटंच होतं. पोटऱ्यांत गोळे आले होते, नवे बूट टाचेला चावत होते. पण ऑफिसच्या लोकांबरोबर ती पहिल्यांदाच डोंगर चढायला आली होती, आणि अर्ध्यावर बसून राहायला आली नव्हती. नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला नकाशाखान्यात नोकरी लागली, त्याला आठ महिने झाले होते. तो नकाशे काढायचा. ती ते गुंडाळून, क्रमांक घालून कपाटात लावायची. सगळे तिला अजून वहिनीच म्हणत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो याच लोकांबरोबर याच डोंगरावर यायचा, आणि मग रविवारभर घरात त्याला वरचं किती सांगू नि किती नको असं व्हायचं.

"तसं नव्हे," मोजणीदार म्हणाला. "इथं सावली आहे, म्हणून म्हटलं."

"आणि दादांची जागाच आहे ही," चिमणी म्हणाली. ही ऑफिसातली टायपिस्ट. एवढीशी अंगकाठी आणि दिवसभर चिवचिवाट, म्हणून सगळ्यांनी तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. "ते इथंच थांबायचे की. आम्ही वरून हाका मारायचो, आणि ते खालून..."

मोजणीदारानं तिच्याकडे पाहिलं. चिमणी भराभर पुढं जाऊन बाकीच्यांत मिसळली.

ती कातळाकडे पाहत उभी राहिली. "इथं थांबायचे?"

मोजणीदार पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिला.

"भाऊजी, मी काहीतरी विचारतेय."

"शेवटची दोन वर्षं," तो म्हणाला. "चढताना छातीत कळ यायची त्याच्या. इथवर यायचा आणि बसायचा. आम्ही उतरलो की एकेकाला धरून विचारायचा. वारा कसा होता, टाक्यात पाणी किती आहे, धरणाची भिंत दिसली का. धडा पाठ करावा तसं सगळं पाठ करून घ्यायचा."

"डॉक्टरांना दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं. मीच बरोबर गेलो होतो. ते म्हणाले, ऑपरेशन करून टाका. हा म्हणाला, पोरीचं कॉलेज संपू दे, मग बघू."

"आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"शपथ घातली होती त्यानं."

"हे गेले त्या दिवशी माझ्यासमोर बसून तुम्ही म्हणालात, वहिनी, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं."

मोजणीदारानं मान खाली घातली. "म्हणालो," तो म्हणाला.

तिला त्याला खूप काही बोलायचं होतं. पण ओठांवर यायच्या आत दुसरंच मनात आलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं नवरा दुसरा शनिवार जवळ आला की तिच्या मागं लागायचा, एकदा तरी चल, एकदा तरी बघ. तिला कधी पाहुणे असायचे, कधी कपड्यांचा ढीग, कधी नुसताच कंटाळा. मग त्यानं विचारणं सोडून दिलं. नेमकं त्याच शेवटच्या दोन वर्षांत. बरं झालं, पिच्छा सुटला एकदाचा, असं ती तेव्हा शेजारणीला हसत म्हणालीसुद्धा होती.

"चला," ती म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या चढावर अवघड जागा आली की मोजणीदार वळून हात पुढं करायचा. ती दगड धरायची, झुडूप धरायची, त्याचा हात धरत नव्हती. अगदी शेवटच्या टप्प्यावर धरायला काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं तो धरला.

वर वारा होता. कानात शीळ घालणारा, नवरा सांगायचा तसाच. टाक्यातलं पाणी हिरवं होतं आणि लांबवर धरणाची भिंत पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसत होती. तिनं एकेक गोष्ट पाहिली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

फोन वाजला. लेक होती, दुसऱ्या गावी वसतिगृहात राहायची.

"आई, पोचलीस वर?"

"पोचले."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"वारा आहे गं."

"आई, ऐक ना. बाबा वर पोचल्यावर बसायचे ना, त्या जागेचा फोटो पाठव. मला इथं खोलीत लावायचाय."

ती कड्यापाशी जाऊन खाली पाहू लागली. ते झाड मुठीएवढं दिसत होतं. त्याखालचा कातळ दिसत नव्हता. मागं चिमणी कुणाला तरी फोटोसाठी नीट उभं राहायला सांगत होती.

"आई, ऐकू येतंय ना?"

"येतंय," ती म्हणाली. "पाठवते."

तिनं माथ्यावर सगळीकडे नजर फिरवली. धरणाच्या बाजूला एक रुंद दगड होता. पाठ टेकता येईल असा, समोरचं सगळं दिसेल असा. त्यावर मोजणीदाराची पिशवी होती आणि शेजारी तो स्वतः बसला होता. ती त्या दगडासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं फोन वर धरला.

मोजणीदार उठला. त्यानं दगडावरची पिशवी उचलली, आणि आपली सावली फोटोत येऊ नये म्हणून दोन पावलं मागं सरकला.