बाहेरच्या मुलखासाठी दोन जागा

व्यंकटराव मास्तरांनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

“जागा एकशेवीस, अर्ज अकराशे,” ते म्हणाले. “हिंदुस्थानातल्या मुलांची यादी जूनमध्येच बंद झाली. आता ती उघडायची नाही.”

समोर बोरीचे माणिकराव बसले होते. पत्र मुंबईच्या एका कॉमर्स कॉलेजचं होतं आणि प्रश्न त्यांच्या बन्सीधरचा होता. बन्सीधर परभणीच्या शाळेतून पहिल्या वर्गात मॅट्रिक झाला होता. शेती त्याला नकोशी नव्हती. पण लहानपणापासून एकच किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता. बोरीचा कापूस परभणीला जातो, तिथून मुंबईला, तिथून बोटीनं कुठल्या कुठं. मग सकाळी त्याचा भाव ठरवतो कोण? बापाला विचारून झालं, अडत्याला विचारून झालं. अडत्या म्हणाला, वरून येतो. वर म्हणजे कुठं, ते कुणालाच सांगता येईना. हेच शिकवणारं कॉलेज असतं असं मास्तरांकडून कळल्यापासून पोरगा जेवताना घास हातात धरून बसायचा.

मास्तरांनी पत्र उलटलं. मागं दोन ओळी होत्या. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन जागा राखलेल्या. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील झालेलं नाही, सबब तिथला अर्जदार परदेशी धरला जाईल. बोटीनं येणाऱ्यांसाठी मुदतही लांबची होती.

माणिकरावांना हसू आलं. अकोल्याचा कापूस देशी आणि बोरीचा विलायती. बाकीचे परदेशी कोण, असं त्यांनी विचारलं. नैरोबी, एडन, कोलंबो, झांजिबार. मिळून दहा-पंधरा अर्ज येतील, असा मास्तरांचा अंदाज. माणिकरावांनी शाळेच्या नकाशावर झांजिबार शोधायला लावलं. एवढंसं बेट.

“तिथं काय पिकतं?”

“लवंग.”

“मग त्या पोरालाबी भावाचंच कोडं पडलं असंल,” माणिकराव म्हणाले आणि त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

अडचण एकच होती. मुलकी दाखला लागणार होता. मुलगा निजामाच्या राज्याचा रहिवासी आहे, असा तहसिलीच्या शिक्क्याचा कागद. आणि माणिकराव तर आदल्या वर्षी तिरंगा लावला म्हणून चार महिने तुरुंगात बसून आले होते.

जिंतूरच्या तहसिलीत त्यांनी सात खेपा घातल्या. सातव्या खेपेला पेशकारानं आत बोलावलं आणि कोरा कागद पुढं सरकवला. माणिकरावांनी आधी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं होतं: मी स्वतंत्र हैदराबादची रयत आहे, सरकारशी वफादार आहे, मागच्या वागण्याची मला शरम वाटते.

“शरमेचं न्हाई लिवलं तर?”

“तर मी शिक्का न्हाई मारला.” पेशकारानं दौत जवळ सरकवली. “माज्याबी घरी पोरं हायेत, माणिकराव. लिवा अन् मोकळे व्हा.”

माणिकरावांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. पेशकारानं दाखल्यावर शिक्का मारला.

ते घरी पोहोचायच्या आत बातमी गावात पोहोचली होती. त्यांच्या बायको कमलबाई विहिरीवर गेल्या तशा बायांनी घागरी उचलून वाट धरली. घरी येऊन घागर उतरवता उतरवता त्या नवऱ्याला म्हणाल्या, “लोक म्हणायलेत, तुमी निजामाचे झाले.”

“त्यांला म्हणावं, बन्सीधर मुंबईला चाललाय.”

“जागा तरी कुठं मिळालीय अजून?”



पोळ्याच्या गर्दीत लपत दिनकरराव आले. हे कमलबाईंचे धाकटे भाऊ. सरहद्दीपलीकडे, वाशीमला, निजामाविरुद्ध लढणाऱ्या सत्याग्रहींच्या छावणीत राहायचे. इकडचं टपाल फोडून वाचलं जाई, म्हणून कॉलेजची पत्रं त्यांच्याच पत्त्यावर यायची. त्यांनी पाकीट बहिणीच्या हातात दिलं. दाजींकडे पाठ फिरवली. पाणीसुद्धा न घेता आल्या वाटेनं गेले.

दाखल्याची नक्कल जोडून पाठवलेल्या अर्जाचं उत्तर होतं: चौदा जणांत बन्सीधरचा नंबर दुसरा लागला होता. महिना संपायच्या आत मूळ दाखला घेऊन हजर व्हायचं होतं.

निघायचा दिवस ठरला आणि सरहद्दीवर हिंदुस्थानी फौजेच्या तोफा वाजू लागल्या. पाच दिवस कुणी उंबरा ओलांडला नाही. पाचव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, बातमी आली: निजामानं शस्त्रं खाली ठेवली, राज्य हिंदुस्थानात आलं.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं गाव जमलं. झेंडा माणिकरावांनी चढवावा, असं कुणी म्हणालं. कुणी मागून वफादारीचा टोमणा मारला. माणिकराव मान खाली घालून मागं सरले. तेवढ्यात फौजेच्या मागोमाग सरहद्द ओलांडून, रात्रभर चालून आलेले दिनकरराव गर्दीतून पुढं आले आणि त्यांनी झेंड्याची दोरी दाजींच्या हातात दिली.

“पोरासाठी माणूस काय बी लिवतो, दाजी. वढा तुमी.”

माणिकरावांनी दोरी ओढली. जन्मात दोनच गोष्टी मागितल्या होत्या. त्या दोन्ही एका पंधरवड्यात पदरात पडल्या, असं त्या रात्री ते कमलबाईंना म्हणाले.

वाशीम, अकोला, मग मुंबई. कॉलेजच्या रजिस्ट्रारांनी दाखल्यावरचं नाव-गाव वाचलं आणि ते खुर्चीवरून उठले. टेबलाला वळसा घालून त्यांनी माणिकरावांना मिठीच मारली. चहा मागवला. शेजारच्या खोलीतल्या कारकुनांना हाक मारून, हे बघा कुठून आलेत, म्हणून दाखवलं. तुरुंगाची हकिकत विचारली, झेंड्याची विचारली. मग त्यांचं लक्ष बन्सीधरकडे गेलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

“बाळ, तुझे गुण उत्तम आहेत,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण ही जागा परदेशी मुलासाठी आहे, आणि गेल्या शुक्रवारपासून तू परदेशी राहिला नाहीस.”