दोन गाल

“ताई, घरात कोणी पुरुष आहे का?”

एल्डर कसबेचा रोजचा प्रश्न. वय वीस, छातीवर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनची काळी पाटी; तिथं तरुण प्रचारकालाही ‘एल्डर’च म्हणतात. बाई एकटी असेल तर आत जायचं नाही, हा नियम. खालच्या मजल्यावरच्या तमिळ आणि सिंधी घरांनी त्याला आणि त्याच्या प्रचारक जोडीदाराला हसून वाटेला लावलं होतं.

“आहे ना,” फुटलेला ओठ पदरानं टिपत बाई कुजबुजली. “म्हणून तर म्हणते, आत या.”

“पोलिसांना फोन करू, चल,” जोडीदारानं त्याची बाही ओढली. तेवढ्यात आतून एक हात आला आणि बाईला केसांना धरून मागं ओढून घेऊन गेला. कसबे धावत आत शिरला, नवरा-बायकोच्या मधे उभा राहिला.

नवऱ्याचा पट्टा सणकन त्याच्या गालावर बसला. येशूनं शिकवल्याप्रमाणे त्यानं दुसरा गाल पुढं केला. त्यावर बक्कलच बसलं.

“आणखी हवंय का रे, पाद्र्या?” म्हणत नवऱ्यानं पट्टा बायकोवर उगारला.

कसबेनं पट्टा हवेतच पकडला आणि नवऱ्याला भिंतीवर आदळलं.

“गाल दोनच सांगितलेत आम्हाला,” तोंडातलं रक्त थुंकत तो म्हणाला. “ते झाले.”