मैदानाकाठचा हॉर्न

सकाळचे कोवळे ऊन आधी धान्याच्या कोठारांवर रेंगाळले, मग ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या गोलच्या चार पांढऱ्या खांबांवरून हलकेच उतरत दवाने भिजलेल्या मैदानावर पसरले. वर्नने नेहमीच्या जागी गाडी कुंपणाला भिडवून उभी केली. आपला गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजत. आज मात्र तो वाजवणार नव्हता. शेजारगावच्या पिढीजात वैऱ्यांच्या क्लबशी जोडून एकच संघ करणाऱ्या क्लबच्या समितीने आपला क्लब मारला, असे तो उन्हाळाभर सांगत होता. जोडसंघाच्या पहिल्याच सामन्यात, आता आपल्याच बाजूने खेळणाऱ्या शेजारगावच्या एका पोराने गोल मारला आणि हॉर्न दणाणले. "हॉर्न बिघडलाय की मालक?" बाजूच्या गाडीतून डोरीनने विचारले. "तू चहा पी गुपचूप." मग त्याच पोराने कडेवरून, वाऱ्याविरुद्ध चेंडू खांबांमधून धाडला. लांबलचक हॉर्न वाजला, वर्नचाच. "झाला दुरुस्त!" डोरीन हसली. वर्न हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी आपल्याला संघापुरती अठरा पोरंसुद्धा मिळाली नव्हती."