कोरा फळा

"आज बोलली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून खालच्या वर्गात," मुख्याध्यापिका शिक्षिकेच्या कानात कुजबुजल्या. त्यांची कुजबूज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची.

नवी मुलगी फळ्याजवळ उभी होती. मैदानावर अख्ख्या टोळीला पुरून उरणारी. इंग्रजीच्या तासाला मात्र दातखीळ.

"बोल ना गं राणी. घरातल्या कुणाबद्दलही चालेल, एकच वाक्य," तरुण शिक्षिका वाकून म्हणाली. मुलगी बुटाच्या टोकाने फरशी कोरत राहिली.

शेवटच्या बाकावर निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या. सहज म्हणून डोकावलेल्या. सहज डोकावायला त्यांना नेमका इंग्रजीचाच तास सापडायचा. एकेकाळी हा वर्ग त्यांचा होता. आणि ही शिक्षिका त्यांची विद्यार्थिनी.

"काय गं, फळा किती घाण ठेवलायस! पूस आधी," त्या बसल्या जागेवरून ओरडल्या.

शिक्षिकेने मागे पाहिलं. फळ्यावर एक अक्षर नव्हतं.

"बाई, पण..."

"पूस म्हटलं ना!"

तिने मुकाट्याने डस्टर उचललं आणि वर्गाकडे पाठ केली. हात फिरू लागला, तशी तिला दुसरी एक पाठ आठवली. निळा स्वेटर, खांद्यावर खडूची भुकटी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. आपलं पहिलं इंग्रजी वाक्य तिने त्या पेन्सिलीलाच ऐकवलं होतं. बाईंना स्वच्छतेचं वेड आहे, असंच तेव्हा सगळी मुलं समजायची. एखादं मुकं पोर उभं राहिलं, की बाई हमखास फळा पुसायला घ्यायच्या. फळा तेव्हाही कोराच असायचा की! इतक्या वर्षांत हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि मोठ्या बाई," मागून बाईंचा आवाज आला, "खाली तुमची गाडी कुणीतरी ढकलतंय वाटतं."

मुख्याध्यापिका खुर्चीतून ताडकन उठून खिडकीशी गेल्या. गाडीवर त्यांचा भारी जीव. बाईंनी स्वतः पिशवीत डोकं खुपसून चष्मा शोधायला घेतला. चष्मा नाकावरच होता.

डस्टर तेवढं फिरत होतं.

"माय अंकल..." मागे एक बारीक आवाज फुटला. थांबला. मग एका दमात म्हणाला, "माय अंकल स्नोर्स. लाइक अ बस."

काकाच्या घोरण्यावर वर्ग खुसखुसला. मुलगीही हसली असावी. "अ बिग बस," तिने आपणहून भर घातली.

शिक्षिका वळली नाही. तिने कोरा फळा पुन्हा वरच्या कडेपासून पुसायला घेतला. चेहरा आत्ता वर्गाला दाखवण्यासारखा नव्हता. बाईंना फळा पुसायला एवढा वेळ का लागायचा, तेही आत्ता कळलं.

"गाडी तर जागच्या जागी आहे," खिडकीतून मुख्याध्यापिका म्हणाल्या.

वळल्या मात्र त्याही नाहीत.