शहजादीच्या हातचा चहा

इलियासभाईंनी औरंगपुऱ्यातून एक जाडजूड कादंबरी आणली, निजामशाहीच्या काळातल्या एका खुनाची. मुबश्शिराची शाळा उर्दूतून झालेली; मराठी तिला बोलता यायचं, वाचता नाही. म्हणून रोज चहाच्या वेळी ते बायकोला वाचून दाखवायचे. पण खुनी राहिला बाजूला, पानापानावर ती शहजादीच! ती कशी रुसते, हसू आलं की ओढणीचं टोक कसं दातांत धरते... वाचताना म्हाताऱ्याचा आवाज असा मऊ व्हायचा की मुबश्शिराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आठव्या दिवशी तिनं कप आदळला. "एवढी आवडते ना, मग तिच्याच हातचा चहा प्या!"

ते नमाजला गेले तसं तिनं सुनेपुढं पुस्तक टाकलं. सून मराठी शाळेत शिकलेली. "माहनूर, बघ गं, या बयेचं शेवटी होतं तरी काय?"

माहनूरनं पानं चाळली. "अम्मी, शहजादीचा खून तर पहिल्याच पानावर झालाय. पुढं ती कुठंच नाही."



मुबश्शिरानं गॅसवर पुन्हा चहा ठेवला, आणि हसू आवरेना म्हणून ओढणीचं टोक दातांत धरलं.